अपस्फीत शिरांवरील फेस-उपचार
अपस्फीत शिरांवरील फेस-उपचार म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पायातील व्हेरिकोज शिरेत औषधाचा फेस टोचून ती बंद करण्याची पद्धती होय. शिरेतील झडपा निकामी झाल्या की वर हृदयाकडे जाणारे रक्त उलट खाली येते व शिरा फुगतात. मूळ दोष पुष्कळदा डोळ्यांना न दिसणाऱ्या शिरेत असतो. तेथे अंदाजाने सुई घालणे धोक्याचे, कारण औषध रोहिणीत गेल्यास भोवतालच्या ऊती मृत होऊ शकतात.

पॉलिडोकॅनॉलसारखे औषध द्रवरूपात टोचल्यास रक्तात मिसळून सौम्य होते. फेस मात्र रक्ताला बाजूस सारून शिरेच्या अस्तराला भिडतो. अस्तर नष्ट होऊन शिरेची तंतुमय दोरी बनते. इटलीतील लोरेन्झो टेसारी यांची फेस करण्याची कृती अगदी साधी आहे. दोन सिरिंज तीन तोंडांच्या तोटीने जोडून एक भाग औषध व साधारण चार भाग हवा वेगाने इकडून तिकडे ढकलतात. हा फेस लवकर विरतो, म्हणून तो ताजाच वापरतात.

उपचारानंतर पायाला दाबपट्टी बांधून रुग्णाला लगेच चालावयास लावतात. त्वचेवर तपकिरी डाग राहू शकतात. खोल शिरेत गुठळी होणे विरळ, पण गंभीर. बंद झालेली शीर कधीकधी पुन्हा उघडते व इंजेक्शन पुन्हा द्यावे लागते.