आयुर्विम्यातील व्यसन-जोखीम मूल्यमापन

आयुर्विम्यातील व्यसन-जोखीम मूल्यमापन म्हणजे विमा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी प्रस्तावकाच्या मद्य, तंबाखू व अमली पदार्थांच्या सेवनाचा त्याच्या आयुर्मानावर होणारा संभाव्य परिणाम अजमावून विम्याचा हप्ता व अटी ठरविण्याची प्रक्रिया होय. विमा व्यवसायात ‘अंडररायटिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोखीमनिश्चितीचा हा एक भाग आहे. विमा करार हा परम सद्भावाच्या तत्त्वावर आधारलेला असल्याने व्यसनाविषयीची माहिती खरी देणे हे प्रस्तावकाचे कर्तव्य मानले जाते.

इतिहास

इ.स. १८४० मध्ये लंडन येथे मद्यवर्ज्य करणाऱ्यांसाठी एक विमा संस्था स्थापन झाली. पुढे ती ‘युनायटेड किंग्डम टेम्परन्स अँड जनरल प्रॉव्हिडंट इन्स्टिट्यूशन’ या नावाने ओळखली गेली. मद्य न पिणारा मनुष्य अशक्त असतो, असा समज त्या काळी प्रचलित होता. या संस्थेने मद्यवर्जक व इतर विमेदार यांचे स्वतंत्र विभाग ठेवले. तिच्या सुमारे साठ वर्षांच्या नोंदींत मद्यवर्जकांचा मृत्युदर कमी आढळला. मात्र मद्य टाळणारे लोक इतर बाबतींतही अधिक संयमी असू शकतात. त्यामुळे हा सर्व फरक केवळ मद्यामुळेच पडला, असे म्हणता येत नाही.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील न्यूयॉर्क लाइफ या कंपनीत ऑस्कर रॉजर्स व आर्थर हंटर यांनी गुणांक पद्धती विकसित केली. तीत सर्वसामान्य जोखीम १०० धरून प्रतिकूल बाबींसाठी गुण वाढविले जातात. उदाहरणार्थ, १५० गुणांक म्हणजे अपेक्षित मृत्युदर सर्वसामान्यांच्या दीडपट. अतिरिक्त हप्त्याची आकारणी आजही मुख्यतः याच तत्त्वावर होते.

मूल्यमापनाची साधने

प्रस्तावपत्रात मद्य, तंबाखू व अमली पदार्थांचे सेवन, त्याचे प्रमाण आणि व्यसनमुक्ती उपचार यांविषयी प्रश्न असतात. गरजेनुसार विमा प्रतिनिधीचा गोपनीय अहवाल, वैद्यकीय तपासणी व पूर्वीच्या उपचारांची कागदपत्रे विचारात घेतली जातात.

मद्याचे प्रमाण ग्रॅममध्ये मोजल्यास तुलना सोपी होते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिलिलिटर मद्यात सुमारे ६१ ग्रॅम, तर ५ टक्के तीव्रतेच्या ६५० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे २६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या दहा प्रश्नांच्या चाचणीत ४० पैकी ८ किंवा अधिक गुण धोकादायक मद्यपानाचे निदर्शक मानले जातात.

रक्ततपासणीत जीजीटी, एएसटी व एएलटी ही विकरे, तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान आणि सीडीटी हे निर्देशक पाहिले जातात. मेदयुक्त यकृत किंवा काही औषधे यांमुळेही जीजीटी वाढते, तर ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने पेशींचे आकारमान वाढते. त्यामुळे एकाच निर्देशकावरून मद्यपानाचा निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही. तंबाखूसाठी कोटिनिन चाचणी वापरतात.

सर्व माहितीच्या आधारे प्रस्ताव सर्वसाधारण दराने स्वीकारणे, अतिरिक्त हप्ता आकारणे, निर्णय पुढे ढकलणे किंवा प्रस्ताव नाकारणे, यांपैकी एक निर्णय घेतला जातो. व्यसनमुक्त व्यक्तीच्या बाबतीत व्यसन सोडल्यापासूनचा काळ, पुन्हा व्यसनाकडे वळल्याचा इतिहास व यकृताची स्थिती यांना महत्त्व असते.

पूर्व विदर्भातील स्थिती

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरीसारख्या गावांत या प्रश्नांना स्थानिक संदर्भ प्राप्त होतो. मोहफुलांपासून घरगुती रीतीने काढलेल्या दारूची तीव्रता निश्चित नसते. त्यामुळे ‘रोज किती’ या प्रश्नाच्या उत्तरावरून अल्कोहोलचे प्रमाण काढता येत नाही. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्रास खाल्ला जातो. ‘धूम्रपान करता काय’ या प्रश्नाला खर्रा खाणारा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकतो. पण कोटिनिन चाचणी चघळलेल्या तंबाखूचेही अस्तित्व दाखविते. म्हणून तंबाखूच्या सर्व प्रकारांचा उल्लेख करणे आवश्यक ठरते.

लाखांदूर तालुक्यालगतच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. दारूबंदी क्षेत्रात मद्यपानाची कबुली देण्यास प्रस्तावक कचरण्याची शक्यता असते. विम्याचा कायदा मात्र दोन्हीकडे एकच आहे.

कायदेशीर तरतुदी

विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४५ मध्ये २०१५ साली सुधारणा झाली. त्यानुसार पॉलिसी जारी होणे, जोखीम सुरू होणे, पुनरुज्जीवन किंवा पूरक लाभ जोडणे यांपैकी जी तारीख नंतरची असेल, तिच्यापासून तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणास्तव पॉलिसीला आव्हान देता येत नाही. तीन वर्षांच्या आत फसवणूक अथवा महत्त्वाची माहिती दडविल्याच्या कारणावरून आव्हान देता येते. मात्र विमा कंपनीने त्याची कारणे लेखी कळवावी लागतात. फसवणूक नसून केवळ माहिती दडविली गेली असेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांच्या आत परत करावे लागतात. फसवणुकीचा आरोप असून विमेदार हयात नसल्यास तो खोडून काढण्याची जबाबदारी लाभार्थ्यांवर येते. विमेदाराने प्रतिनिधीला तोंडी सांगितलेली, पण प्रस्तावपत्रात न लिहिलेली गोष्ट त्याच्या पश्चात सिद्ध करणे कुटुंबाला कठीण जाते. त्यामुळे सही अथवा अंगठा करण्यापूर्वी भरलेले प्रस्तावपत्र वाचून घेणे व त्याची प्रत जपून ठेवणे महत्त्वाचे ठरते.

मृत्युलाभ व अपघात लाभ यांच्या अटी भिन्न असतात. मद्याच्या अथवा अमली पदार्थांच्या अमलाखाली झालेला अपघात हा अपघाती लाभातून सामान्यतः वगळलेला असतो; मूळ मृत्युलाभ केवळ त्या कारणाने आपोआप रद्द होत नाही. दावा नाकारला गेल्यास प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही उपलब्ध असतो.