वायरिंग करणाऱ्याकडे परवाना आहे का?

कामं आवरून बसला असाल, तर आज विजेच्या फिटिंगबद्दल बोलू या. हा विषय आपण नेहमी घरातल्या पुरुषांवर सोडतो. "त्याला सांगितलंय, तो येऊन करून जाईल," एवढ्यावर भागवतो. पण ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या, पाण्याची मोटर चालू करणाऱ्या, गिरणीवर उभं राहणाऱ्या आपणच असतो. म्हणून हे आपल्याला माहीत असायला हवं.

आमच्याच गटाची गोष्ट सांगतो. मिरची कांडपाचं मशीन घेतलं, शेड उभी केली आणि वायरिंगला ओळखीतला एक जण बोलावला. काम झटपट झालं, स्वस्तात झालं. पहिल्या पावसात मशीनला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. एके दिवशी आमच्या एका मैत्रिणीचा हात असा झटकला गेला की ती मागे पडली. नशीब, वाचली. नंतर जाणत्या माणसाला दाखवलं, तर अर्थिंगची हिरवी वायर बोर्डापर्यंत होती, पण जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत पोचलीच नव्हती. टेस्ट रिपोर्टवर मात्र एका परवानाधारक ठेकेदाराची सही होती. तो ठेकेदार शेडकडे कधी फिरकलाही नव्हता. आम्हीही विचारलं नव्हतं. चूक आमचीही झाली.

कायदा काय सांगतो?

घरातला बल्ब, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलायला परवाना लागत नाही. पण नवं वायरिंग, जुन्यात वाढ, फेरफार किंवा दुरुस्ती ही कामं राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायची, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम सांगतात.

यात तीन कागद असतात. पहिला ठेकेदाराचा परवाना. दुसरा पर्यवेक्षकाचं, म्हणजे सुपरवायझरचं सक्षमता प्रमाणपत्र. तिसरा प्रत्यक्ष वायर ओढणाऱ्या तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा परवाना. वायरमनने काम करायचं, सुपरवायझरने त्यावर लक्ष ठेवायचं आणि ठेकेदाराने जबाबदारी घ्यायची, अशी ही साखळी आहे.

काही जणी विचारतील, "आमचा मुलगा आयटीआय झालाय, मग तो का नाही?" आयटीआयचं प्रमाणपत्र शिक्षणाचं आहे. परवाना वेगळा काढावा लागतो. तो काढला नसेल तर हुशार मुलगाही स्वतःच्या नावावर टेस्ट रिपोर्ट देऊ शकत नाही.

परवाना कसा बघायचा?

लाजायचं नाही. सरळ म्हणायचं, "दादा, परवाना दाखवा." त्यावर तीन गोष्टी बघायच्या: नाव, परवाना क्रमांक आणि मुदत. परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं, म्हणून मुदत संपलेली नाही ना, हे नक्की वाचा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शंका आली तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारता येतं. विजेच्या अपघाताची चौकशीही हेच कार्यालय करतं. अपघात झाला तर फिटिंग कोणी केलं हा प्रश्न येतोच. तेव्हा हातात कागद असलेला बरा.

पैसे कुठे कुठे जातात?

नवी जोडणी घेताना पैसे दोन ठिकाणी जातात, आणि हे दोन हिशेब कधीही एकत्र करायचे नाहीत.

एक हिशेब महावितरणचा. त्यात अर्जाची फी, जोडणीचा आकार आणि सुरक्षा ठेव येते. हे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवून देतो, म्हणून इथे घासाघीसही नाही आणि वरचे पैसेही नाहीत. कोटेशन आलं की ते काउंटरवर किंवा ऑनलाइन भरायचं आणि पावती घ्यायची. कोणाच्या हातात रोख द्यायची नाही. सुरक्षा ठेव आपलीच असते. तिच्यावर व्याज मिळतं, आणि जोडणी बंद केली तर थकबाकी वजा जाऊन ती परत मिळते.

दुसरा हिशेब ठेकेदाराचा. तो गावागणिक बदलतो, म्हणून दोन-तीन जणांकडून लेखी अंदाज घ्यायचा. एक उदाहरण करू. आकडे फक्त हिशेबासाठी धरले आहेत. दोन खोल्यांचं घर आहे: चार बल्ब, दोन पंखे, चार प्लग, म्हणजे दहा पॉइंट. पहिला म्हणतो, पॉइंटला 400 रुपये. झाले 4,000. पण अर्थिंगचे 1,500 वेगळे, टेस्ट रिपोर्टचे आणि आरसीसीबी बसवायचे 700 वेगळे. एकूण 6,200. दुसरा म्हणतो, पॉइंटला 550, सगळं धरून. एकूण 5,500. ऐकायला पहिला स्वस्त, द्यायला दुसरा स्वस्त.

म्हणून अंदाजात या गोष्टी लिहून घ्या: वायर कोणाची आणि आयएसआय मार्कची आहे का, अर्थिंग धरलंय का, एमसीबी आणि आरसीसीबी धरलेत का, टेस्ट रिपोर्ट धरलाय का, जीएसटी धरलाय की वर लागणार. सगळे पैसे आधी देऊ नका. काही रक्कम चाचणी होईपर्यंत हातात ठेवा.

कशात काटकसर करायची नाही?

अर्थिंगमध्ये नाही आणि आरसीसीबीमध्ये नाही. वीज गळती झाली की आरसीसीबी क्षणात पुरवठा तोडतो. माणसाच्या जिवासाठी 30 मिलीअँपियरचा घ्यायचा. त्यावर चाचणीचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून बघा, वीज गेली पाहिजे. वायरींचे रंगही ओळखा: हिरवी अर्थिंगची, काळी न्यूट्रलची, आणि लाल, पिवळी किंवा निळी फेजची.

गटाला गिरणी किंवा कांडप टाकायचं असेल तर

घरच्या मीटरवर मोटर जोडू नका. ज्या कामासाठी जोडणी घेतली, त्याऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरली तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. अर्ज करताना मोटरचा भार बरोबर सांगा. एक हॉर्सपॉवर म्हणजे 0.746 किलोवॅट, म्हणजे पाच हॉर्सपॉवरची मोटर साधारण पावणेचार किलोवॅट. त्यात दिवे-पंखे मिळवा. सिंगल फेज पुरेल की थ्री फेज लागेल, हे मशीन घेण्याआधीच विचारा. मशीन आणून ठेवलं आणि जोडणी नाही, कर्जाचा हप्ता मात्र सुरू, ही वेळ बऱ्याच गटांवर आली आहे.

अर्जाला ओळखीचा पुरावा, जागेचा पुरावा आणि ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. जागेसाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा चालतो. जागा भाड्याची असेल तर करारपत्र आधी करून घ्या. अर्ज पूर्ण असेल आणि नवे खांब किंवा रोहित्र लागत नसेल, तर 2024 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ग्रामीण भागात 15 दिवसांत जोडणी मिळायला हवी. डोंगराळ ग्रामीण भागात ही मुदत 30 दिवसांची आहे. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. तक्रार 1912 वर करता येते.

आणि टेस्ट रिपोर्टवर नुसती सही विकत घेऊ नका. ठेकेदाराला म्हणा, "आमच्यासमोर मेगर लावा, अर्थिंग तपासा, मगच सही करा." आम्ही आता तसंच केलं. खड्डा नव्याने खणला, फिटिंग परवानाधारकाकडून पुन्हा करून घेतलं. पैसे दुसऱ्यांदा गेले. पण आता आमची तीच मैत्रीण न घाबरता मशीनवर उभी राहते.

शेवटी एक गोष्ट. हे काम बायकांना जमत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आयटीआयमध्ये तारतंत्री अभ्यासक्रमाला आठवी पास आणि वीजतंत्रीला दहावी पास मुलीला प्रवेश मिळतो. दोन्ही दोन वर्षांचे आहेत. आपल्या गावची मुलगी परवाना घेऊन वायरिंगला आली, तर तिला काम द्यायला आपले गट आहेतच.

येत्या बैठकीत एवढं करा: प्रत्येकीने घरी अर्थिंग आहे का, आरसीसीबी आहे का, हे बघून यायचं आणि वहीत लिहायचं. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी मिळून एकाच परवानाधारक ठेकेदाराकडून अंदाज घ्यायचा. दहा घरांचं काम एकदम म्हटलं की दरही कमी होतो. पुढच्या वेळी भेटू.