'ट्विचर' उंदीर आणि बालकांचा क्रॅबे रोग

जन्मतः निरोगी दिसणारे, आईकडे पाहून हसणारे बाळ चार-पाच महिन्यांचे होता होता विनाकारण रडू लागते. दूध घेईनासे होते. हातपाय ताठरतात, मान सावरेनाशी होते. पुढे आकडी येऊ लागते, दृष्टी आणि श्रवणशक्ती क्षीण होते आणि बहुतेक बालके वयाची दोन वर्षेही पूर्ण करीत नाहीत. क्नुड क्रॅबे या डॅनिश चेताविकारतज्ज्ञांनी १९१६ मध्ये या आनुवंशिक आजाराचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. सुमारे एक लाख जन्मांमागे एका बालकास होणारा हा रोग विरळ असला, तरी ज्या घरात तो येतो तेथे आकडेवारीला अर्थ उरत नाही. या रोगाविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग एका उत्परिवर्तित उंदराच्या अभ्यासातून मिळालेला आहे.

विकाराचे मूळ

विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. त्यामुळे संदेशवहन वेगाने होते. हे आवरण सतत नव्याने घडत असते आणि त्यातील जुन्या द्रव्यांचे विघटन पेशींतील लायसोसोम या सूक्ष्म अंगकांत होते. गॅलॅक्टोसिलसेरामाइड हा मायेलिनचा एक प्रमुख घटक. त्याचे विघटन करणाऱ्या विकराचा, म्हणजेच एन्झाइमचा, क्रॅबे रोगात अभाव असतो, हे १९७० मध्ये सिद्ध झाले.

मात्र येथे एक कोडे निर्माण झाले. ज्या द्रव्याचे विघटन होत नाही, त्याचा साठा मेंदूत वाढलेला दिसावयास हवा होता. प्रत्यक्षात तो तसा आढळत नव्हता. १९७२ मध्ये यावर एक उपपत्ती मांडण्यात आली. हेच विकर सायकोसिन नावाच्या दुसऱ्या एका द्रव्याचाही निचरा करते. सायकोसिन अत्यल्प प्रमाणात असले तरी विषारी असते. ते साचले की मायेलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट होतात आणि मग मायेलिनचा घटक साचण्यास वावच राहत नाही. ही उपपत्ती पडताळावी कशी? दगावलेल्या बालकांच्या मेंदूत रोगाचा केवळ शेवट दिसत होता. आरंभ पाहण्यासाठी सजीव प्रतिरूपाची आवश्यकता होती.

बार हार्बर येथील उंदीर

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. संशोधनासाठी उंदरांची पैदास करणाऱ्या या संस्थेत १९७६ मध्ये काही पिल्ले थरथरताना आढळली. कोणत्याही प्रयोगाविना, आपोआप घडलेल्या उत्परिवर्तनाचा हा परिणाम होता. थरथरण्यावरून या वाणास 'ट्विचर' हे नाव मिळाले. १९८० मध्ये त्यांच्या शरीरात क्रॅबे रोगात नसणारे तेच विकर नसल्याचे स्पष्ट झाले. पुढे १९९६ मध्ये त्यांच्या जनुकातील नेमका दोषही उलगडला. जनुकाच्या सांकेतिक भाषेतील एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिनाची बांधणी मध्येच थांबते, असे दिसून आले.

बाधित पिल्लू सुमारे तीन आठवड्यांपर्यंत सर्वसाधारण दिसते. नंतर त्याची वाढ खुंटते, थरथर सुरू होते, मागचे पाय लुळे पडतात आणि साधारण चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास ते मरते. बाधित उंदीर प्रजोत्पादन करू शकत नसल्याने वाहक नर-मादीचा संयोग घडवावा लागतो. त्यांच्या संततीत सरासरी चारांपैकी एक पिल्लू बाधित असते. मानवातही आनुवंशिकतेचा नियम हाच आहे. आईवडील दोघेही वाहक असूनही पूर्ण निरोगी असतात आणि प्रत्येक गर्भारपणात बाळ बाधित होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते.

लक्षणांपूर्वीचा काळ

जनुक चाचणीमुळे कोणते पिल्लू पुढे आजारी पडणार, हे लक्षणे दिसण्यापूर्वीच कळते. या सोयीमुळेच ट्विचर उंदराने सर्वांत महत्त्वाचा धडा दिला. थरथर दिसण्याच्या आधीपासूनच मज्जासंस्थेत सायकोसिन साचू लागलेले असते. अर्थात, लक्षण हा रोगाचा आरंभ नव्हे.

१९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या उंदरांवर निरोगी रक्तजनक पेशींचे रोपण करण्यात आले होते. दात्याच्या पेशींनी विकराचा पुरवठा केला, आयुष्य लांबले आणि हातापायांच्या मज्जातंतूंवर मायेलिन पुन्हा चढू लागले. परंतु रोग समूळ गेला नाही. नंतरच्या काळात अशा रोपणाला जनुकोपचाराची जोड दिल्यावर उंदीर कित्येक महिने जगले. २०१९ मध्ये ट्विचर उंदरात सायकोसिन तयार करणारे विकरच जनुकीय पद्धतीने काढून टाकण्यात आले. तेव्हा सायकोसिन साचले नाही आणि मायेलिनचा ऱ्हासही टळला. अशा रीतीने १९७२ च्या उपपत्तीस सत्तेचाळीस वर्षांनी भक्कम पुरावा मिळाला.

मानवी उपचारांतही काळाचे हेच महत्त्व दिसून आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात नाळेतील रक्तपेशींचे रोपण केलेल्या बालकांची तुलना करण्यात आली. लक्षणांपूर्वी उपचार झालेली सर्व ११ नवजात बालके अभ्यासकाळात जिवंत राहिली. लक्षणे दिसल्यानंतर उपचार झालेल्या १४ बालकांपैकी निम्म्याहून कमी वाचली. लवकर उपचार झालेल्या अनेक बालकांनाही पुढे चालण्याबोलण्यात अडचणी आल्या, हे मात्र विसरता येणार नाही.

यानंतर न्यूयॉर्क राज्याने २००६ मध्ये नवजात बालकांची क्रॅबे रोगासाठी तपासणी सुरू केली. त्यातून नवा प्रश्न पुढे आला. विकर कमी आढळलेले प्रत्येक बालक आजारी पडत नाही आणि रोपण ही जोखमीची प्रक्रिया आहे. मग उपचार कोणावर करावयाचे? आता रक्ताच्या वाळलेल्या थेंबातील सायकोसिनचे प्रमाण मोजून हा निर्णय घेण्यास मदत होते.

प्रतिरूपाच्या मर्यादा

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. उंदरात मायेलिनची घडण मुख्यतः जन्मानंतरच्या काही आठवड्यांत होते. मानवात ती जन्मापूर्वी सुरू होऊन अनेक वर्षे चालते. मेंदूच्या आकारातही प्रचंड तफावत आहे. त्यामुळे चाळीस दिवसांच्या आयुष्यातून मिळालेले उत्तर बालकांना जसेच्या तसे लागू करता येत नाही. उंदीर दिशा दाखवितो. खात्री मानवी चाचण्यांतूनच करावी लागते.

भारताच्या संदर्भात

केंद्र शासनाच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात, विकर-पूरक उपचार उपलब्ध नसलेल्या लायसोसोमशी निगडित साठवण-विकारांचा समावेश रोपणाने उपचार होऊ शकणाऱ्या पहिल्या गटात केलेला आहे. अर्थसाहाय्याची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, मुंबईचे केईएम रुग्णालय आदी संस्था उत्कृष्टता केंद्रे म्हणून निवडण्यात आल्या. जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१९ मधील 'उम्मीद' उपक्रमातून शासकीय रुग्णालयांत आनुवंशिक आजारांसाठी निदान केंद्रे उभारण्यात आली.

तथापि आपल्या देशात नवजात बालकांची या रोगासाठी सार्वत्रिक तपासणी होत नाही. बहुतेक घरांत निदान होते ते लक्षणे दिसल्यावर, म्हणजे रोपणाची उपयुक्त वेळ निघून गेल्यावर. अशा स्थितीत ज्या कुटुंबात एक बालक दगावले आहे, त्याला आनुवंशिकी समुपदेशन, नातलगांची वाहक चाचणी आणि पुढील गर्भारपणात प्रसूतिपूर्व निदान यांचा लाभ वेळेवर मिळणे ही पहिली पायरी ठरते. त्यासाठी बालकाच्या मृत्यूपूर्वी रोगाचे नेमके निदान होऊन त्याची नोंद राहणे अत्यावश्यक आहे. अर्थसाहाय्याची तरतूद झाली आहे. ती उपयोगी पडावयाची, तर निदान लक्षणांच्या आधी व्हावयास हवे.