चिखलदरा आणि भोवतीची चार गावं

नागपूरच्या मनीषनगरातून शनिवारी पहाटे निघालेली गाडी कोंढाळी, तळेगाव, अमरावती मागे टाकत परतवाड्याला पोचते आणि घाट सुरू होतो. वर, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, चिखलदरा आहे. विदर्भातलं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण.

डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने शेजारचा गाविलगड नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. पुढे १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटचा कॅप्टन रॉबिन्सन या पठारावर आला. मग साहेबांचे बंगले उभे राहिले, कॉफी लागली. महाराष्ट्रात कॉफी पिकणारं ठिकाण ही ओळख आजही टिकून आहे.

गाव तसं लहान, वस्ती जेमतेम पाच हजारांची. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड पाहून पर्यटक रविवारी उतरतात. पठाराचा बाराही महिन्यांचा संसार मात्र मोथा, शहापूर, लवादा, आलाडोह या गावांत चालतो. मोथ्यात गवळ्यांची घरं आहेत. घाट उतरून बाजार गाठेपर्यंत दूध टिकायचं नाही, म्हणून ते कढईत आटवून खवा करायचा. आल्प्समधल्या गुराख्यांनी याच अडचणीपायी दुधाचं चीज केलं. अलीकडे मोथ्याच्या थंडीत स्ट्रॉबेरीही पिकू लागली आहे. आसपासच्या पाड्यांवर कोरकू आदिवासी राहतात. कामासाठी बाहेर पांगलेली माणसं होळीला परततात, रस्त्यावर गाड्या थांबवून फगवा मागतात. आणि सण सरला की पुन्हा कामाच्या शोधात निघतात.

खरी ओढाताण पाण्याची. पावसाळ्यात पठार धुक्यात बुडतं, धबधबे कोसळतात. पण उतारावरून ते पाणी पूर्णेच्या खोऱ्याकडे निघून जातं आणि उन्हाळ्यात वर टँकरची वाट पाहावी लागते. वाढत्या हॉटेलांनाही गावांच्याच साठ्यातून पाणी हवं असतं.

शासनाने चिखलदऱ्यासोबत ही चारही गावं सिडको या नगरविकास महामंडळाच्या नियोजनाखाली आणली. गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा ४०७ मीटरचा काचेचा स्कायवॉक त्यातलाच. त्याने गर्दी वाढेल, हे उघड आहे. पण दरीवर तरंगण्याचं तिकीट किती खपलं, यावरून या योजनेचं यश मोजू नये. मे महिन्यात मोथ्याच्या नळाला पाणी आलं का आणि होळीनंतर किती कोरकूंना गावातच काम मिळालं, हे विचारावं.