छंद सुलेखनाचा, काळजी हाताची

'सुंदर हस्ताक्षर हा खरा दागिना' ही पाटी आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या भिंतीवर वाचलेली आहे. पुढे शाळा सुटली, हिशेब संगणकावर गेले, पत्रे बंद झाली आणि निरोप मोबाईलवर बोटाने टंकले जाऊ लागले. दागिना कपाटातच राहिला. अलीकडे मात्र दवाखान्यात येणारी काही मंडळी, विशेषतः नुकतीच सेवानिवृत्त झालेली, 'डॉक्टर, सुलेखन शिकावं म्हणतो, हात साथ देईल ना?' असे विचारू लागली आहेत. अक्षराविषयी डॉक्टरला विचारणे हे तसे धाडसच! औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असा नियम आम्हा डॉक्टरांसाठी २०१६ साली करावा लागला, यातच काय ते आले. परंतु प्रश्न हाताचा असल्याने उत्तर देणे मला भाग आहे.

हात साथ देईल. साठीनंतरही देईल. मात्र सुरुवात कोणत्या लेखणीने करायची, याला महत्त्व आहे.

सुलेखनात रेघेला जाडी दोन प्रकारे येते. पहिला प्रकार बोरूचा. बोरूचे टोक चपटे छाटलेले असते. ते एकाच कोनात धरून हात फिरवला की एका तिरक्या दिशेला रेघ भरघोस येते, तर दुसऱ्या तिरक्या दिशेला केसासारखी बारीक. कोन सुमारे ४५ अंशांचा ठेवला तर आडवी शिरोरेषा आणि उभा काना साधारण सारख्याच जाडीचे उतरतात. यात जोर लावायचा नसतो, काम टोकच करते. दुसरा प्रकार लवचिक निबेचा किंवा ब्रश-पेनचा. हल्ली शुभेच्छापत्रांवर जी वळणदार इंग्रजी अक्षरे दिसतात, ती बहुधा या प्रकारची असतात. खाली येताना दाब द्यायचा, वर जाताना हात हलका सोडायचा. दिसायला हे मोहक आहे. पण नवशिका माणूस खाली दाबलेला हात वर जाताना सोडतच नाही. अर्ध्या तासात अंगठ्याचे मूळ ठणकू लागते. म्हणून ज्यांना मधुमेह, सांधेदुखी किंवा बोटांना मुंग्या येण्याचा त्रास आहे, त्यांनी बोरूच्या प्रकाराने सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

साहित्याला फार खर्च नाही. पहिले आठ दिवस तर दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधाव्यात. दोन्ही टोकांनी एकाच वेळी रेघ उमटते आणि त्या दोन रेघांमधील अंतर कुठे वाढते, कुठे मिटते, हे डोळ्यांना दिसते. कोनाचा सगळा धडा यात आला. त्यानंतर बोरू किंवा कटनिबेचा पेन घ्यावा. देवनागरीसाठी टोक तिरके छाटलेले असावे. इंग्रजीसाठी बनवलेल्या सरळ टोकाच्या पेनने देवनागरी लिहू लागलात, तर योग्य जागी जाडी यावी म्हणून मनगट सतत वाकडे धरावे लागते. 'महिनाभर सराव केला आणि मनगट धरलं' अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी प्रथम पेन दाखवायला सांगतो. बोरू घरी छाटणार असाल तर चाकूची धार अंगापासून दूर जाईल अशी धरा. जखम झालीच, तर ती साबणाच्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन अलीकडे झाले नसेल तर ते घ्या. उग्र वासाचे मार्कर बंद खोलीत वापरू नयेत, दमेकऱ्यांनी तर मुळीच नाही.

सरावाचा कागद म्हणजे जुने वर्तमानपत्र. ते आडवे धरले की रकान्यांच्या कडा आयत्या रेघा म्हणून वापरता येतात. (आजचा अंक मात्र आधी वाचून घ्यावा!)

अक्षरांचा क्रम 'अ आ इ ई' असा ठेवू नका. आपल्या मराठी शाळांत ग, म, भ, न या क्रमाने अक्षरे गिरवून घेण्याची पद्धत आहे. तिच्यामागे वळणाचा विचार आहे. एकाचे वळण बसले की शेजारचे सोपे जाते. सुलेखनालाही हीच रीत लागू पडते. प्रथम उभी, आडवी आणि तिरकी रेघ, मग अर्धवर्तुळ, मग गाठ. त्यानंतर ग-म-भ-न, त्यामागून व-ब-क, मग ट-ठ-ढ. अक्षर मोठे काढावे. टोक पाच मिलिमीटरचे असेल तर अक्षराची उंची अडीच-तीन सेंटिमीटर तरी असू द्यावी. बारीक अक्षर केवळ बोटांनी काढले जाते, मोठे अक्षर खांद्यापासून हात हलवून काढावे लागते. बोटांचे स्नायू लहान, ते लवकर थकतात. खांद्याचे मोठे, ते थकत नाहीत. कित्ता मोठा असण्यात असा दुहेरी फायदा आहे.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी निरनिराळ्या व्यवसायांतील रोगांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्यांची तीन कारणे दिलेली आहेत: सतत बसून राहणे, हाताची एकसारखी तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तीनशे वर्षे उलटून गेली, या यादीत मला फारसे काही बदलावेसे वाटत नाही. तेव्हा एका बैठकीला वीस मिनिटे पुरेत. मग उठून खिडकीतून दूरवर पाहावे, मुठी उघडझाप कराव्यात, पाणी प्यावे. पूर्वी दिवाणजींपुढे असायचे तसे उतरते मेज असेल तर मान झुकत नाही. नसेल तर पाटाखाली पुस्तके ठेवून उतार करावा. गुडघे दुखणाऱ्यांनी मांडी घालून बसण्याचा हट्ट न धरता सरळ खुर्ची घ्यावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा, डावखुऱ्यांनी उजवीकडे. चाळिशी पार केलेल्यांनी चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्यावा. 'अक्षर जमत नाही' असे म्हणणाऱ्या काहींना मुळात शिरोरेषाच धूसर दिसत असते.

पकड योग्य आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी खूण सांगतो. लिहिता लिहिता थांबा आणि तर्जनीच्या नखाकडे पाहा. नख पांढरे पडले असेल तर आपण लेखणी आवळून धरली आहे. श्वास रोखून रेघ ओढण्याचीही अनेकांना सवय असते. श्वास सोडत रेघ ओढून पाहा, ती कमी थरथरते.

आता सरावाच्या कागदांविषयी. ते टाकून देऊ नका. प्रत्येकावर तारीख घाला आणि एकावर एक रचून ठेवा. प्रगती दिसावी म्हणून तर ठेवाच, परंतु माझा हेतू आणखी एक आहे. माझे एक रुग्ण, सेवानिवृत्त शिक्षक, हात जड वाटतो म्हणून आले होते. सोबत त्यांनी वर्षभराचे कागद आणले होते. सुरुवातीच्या कागदांवर टपोरी अक्षरे होती. पुढे पुढे ओळीच्या आरंभी अक्षर मोठे आणि शेवटाला जाईतो लहान लहान होत गेलेले. 'कंटाळा आला असेल', असे त्यांच्या घरच्यांना वाटत होते. अक्षर असे आक्रसत जाणे हे कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्स आजाराचे लक्षण असू शकते. त्यांना मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे पाठवले, निदान झाले, औषध सुरू झाले. ते आजही लिहितात. चार रेघांच्या वहीत लिहिले की अक्षर मोठे राहते, असे त्यांनीच मला दाखवले.

थरथरणारा प्रत्येक हात कंपवाताचा नसतो, हेही येथे सांगायला हवे. कंपवातात हात बहुधा मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना हलतो. पेला उचलताना किंवा लिहिताना दोन्ही हात थरथरत असतील आणि वडिलांना किंवा आईलाही तसे होत असे, तर तो बहुतेक वेगळा, घराण्यात चालत येणारा कंप असतो. थायरॉइडमुळे आणि दम्याच्या काही औषधांमुळेही हात कापतात. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातील नस दबली आहे का, हे पाहावे लागते. काहींचा हात एरवी शर्टाची बटणे सहज लावतो, पण लेखणी धरताच वाकडा होतो. हा 'रायटर्स क्रॅम्प'. तो अधिक सराव केल्याने बरा होत नाही, म्हणून अशा वेळी हट्टाने कित्ता गिरवू नये. आणि एखाद्या दिवशी अचानक एका हातातून बोरू गळू लागला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

सुलेखनाने रक्तदाब उतरतो का, असेही विचारले जाते. वीस मिनिटे शांत बसल्याने मन निवते, झोप बरी लागते, असे माझे रुग्ण सांगतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो, पण कोणाचीही गोळी त्यावरून बंद करत नाही.

आमच्या क्षेत्राचा या कलेशी एक जुना धागा आहे. इंग्लंडमध्ये रुंद टोकाच्या लेखणीचे सुलेखन ज्यांनी पुन्हा रुजवले, ते एडवर्ड जॉन्स्टन एडिंबरोला वैद्यकीचे विद्यार्थी होते. प्रकृती साथ देईना म्हणून त्यांनी ते शिक्षण सोडले आणि १८९९ पासून लंडनमध्ये अक्षरे शिकवू लागले. आपल्याकडे र. कृ. जोशी आणि अच्युत पालव यांच्या कामाचे नमुने पुस्तकांतून पाहायला मिळतात. कमल शेडगे यांनी घडवलेली मराठी नाटकांची नावे तर जुन्या जाहिरातींत सापडतील. ती लिहिलेली नव्हे, रेखाटलेली अक्षरे आहेत. बाह्यरेषा काढायची, खोडायची, मग रंग भरायचा. ज्यांचा हात थोडा थरथरतो त्यांना हा मार्ग अधिक सोयीचा, कारण एका झटक्यात रेघ साधण्याची सक्ती तेथे नसते. पहिल्या दोन महिन्यांनंतर घराच्या दारावरची पाटी किंवा नातवाच्या वह्यांवरची नावे घालायला घ्यावीत. मजकूर छोटा असतो आणि वीस मिनिटांत पुरा होतो.