सर्व्हो घेताना आधी हिशोब, मग किंमत

नांदेडच्या एसजीजीएसमध्ये असा नाहीतर लातूरच्या पॉलिटेक्निकला, छोटा रोबोटिक आर्म म्हटलं की एसजी-९० सर्व्हो आलाच. मग ऐन व्हायव्हाला आर्म थरथरतो. का?

या ९ ग्रॅमच्या मोटरचा टॉर्क ४.८ व्होल्टला साधारण १.८ किलो-सेंटीमीटर. म्हणजे १ सेंटीमीटरवर १.८ किलो, पण १० सेंटीमीटरच्या आर्मवर फक्त १८० ग्रॅम! तेही मोटर पार अडते तेव्हाचा आकडा. म्हणून निम्म्याहून कमीच वजन धरा. आर्मचं वजनही त्यातच मोजा.

गिअर प्लॅस्टिकचे असतात. झटके बसणार असतील तर धातूच्या गिअरचा एमजी-९०-एस घ्या. पॉवर आर्डुइनोवरून नको, वेगळा ५ व्होल्ट सप्लाय द्या. ग्राउंड मात्र दोन्हींचा जोडा.

आणि हातात येताच वजन लावून दहा मिनिटं चालवून बघा. खराब पीस व्हायव्हाच्या आधी कळलेला बरा!