वॉशी शिकायचा तर चौघांनी मिळून

जपानमध्ये राहताना तिथली एखादी हस्तकला शिकावीशी वाटली, तर ती मित्रमैत्रिणींबरोबर शिकावी. निदान वॉशी, म्हणजे तिथला हातकागद, तरी एकट्याने शिकू नये. कारण या कागदाचं बरंचसं काम साचा हातात येण्याआधीच होतं. हिवाळ्यात कोझोच्या (हे झाड आपल्या तुतीच्याच कुळातलं) फांद्या तोडून वाफवायच्या, गरम असतानाच साल सोलायची, वरचा काळा पापुद्रा खरवडायचा आणि शिजवलेल्या तंतूंमधला कचरा गार पाण्यात बोटांनी वेचायचा. एवढासा ठिपका राहिला तरी तो कागदावर दिसतो. एकट्याचा जीव यात मेटाकुटीला येतो. युनेस्कोने २०१४ साली वारसा म्हणून गौरवलेल्या शिमाने, गिफू आणि सायतामा इथल्या कागदांमागेही घरदार आणि शेजारपाजार मिळून राबण्याची रीत आहे.

घोळका जमला की गप्पाच होतात, कारागीर तर वर्षानुवर्षं मुकाट्याने हात बसवतो, असा आक्षेप येईल. साच्यापुरता तो खरा आहे. तोरोरो-आओई या वनस्पतीच्या मुळांचा चिकट रस मिसळलेल्या पाण्यात साचा हलवताना लक्ष ढळलं, की कागद एकीकडे जाड होतो. पण ती चूक स्वतःपेक्षा शेजारच्याला लवकर दिसते! एका दिवसाच्या वर्गात मात्र बहुधा लगदा तयारच मिळतो आणि हाती पोस्टकार्ड येतं. हौस म्हणून ठीक आहे. शिकायचंच असेल, तर हिवाळ्यात साल सोलायला येऊ का, असं आधी विचारा.